डब्यातली भाकर आणि घरची शाळा : औसा तालुक्यातील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका कुटुंबाने जून २०२२ ते एप्रिल २०२४ अशी दोन शैक्षणिक वर्षे आपल्या मुलीला शाळेत न पाठवता घरीच शिकवले. तिसरी आणि चौथी या इयत्तांचा तो काळ होता. मुलांना घरी शिकवणारी कुटुंबे म्हटली की पुण्या-मुंबईकडचे, शिकलेले आणि खाऊनपिऊन सुखी आईवडील डोळ्यांसमोर येतात, ज्यांना शाळेची चौकट नको असते आणि दुसरा मार्ग परवडतो. या कुटुंबाला शाळा हवी होती. मुलीने पुढे जावे म्हणून त्यांनी ऐपतीबाहेरची इंग्रजी माध्यमाची शाळा निवडली होती, आणि ती सोडावी लागली ती डब्यामुळे. मुलीला सीलिअ‍ॅक आजार आहे. गव्हाचा कणही तिला चालत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून त्याच गावात राहते. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा आणि दुसऱ्या वर्षी चारदा मी त्या घरी शिकवायला जात असे, त्यामुळे पुढचे बहुतेक सारे मी स्वतः पाहिलेले आहे. हे सारे २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंतचे आहे. ते लिहिण्यास आईवडिलांची संमती आहे. नावे गाळली आहेत. घरात मुलगी, तिच्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ, आईवडील आणि आजोबा अशी पाच माणसे आहेत. वडील लातूरच्या बाजारात एका आडत दुकानावर हिशेब लिहितात, आई बारावीपर्यंत शिकलेली असून घरी शिवणकाम करते, आणि आजोबांच्या नावावर दोन एकर कोरडवाहू जमीन आहे.

आजार सापडेपर्यंत

मुलगी चार वर्षांची असल्यापासून तिचे पोट फुगलेले आणि हातपाय काडीसारखे असत. जुलाब लागत, थांबत, पुन्हा लागत. जंताची औषधे झाली, रक्तवाढीचे सिरप झाले, अंगारेही झाले. हिमोग्लोबिन सातच्या आसपास येऊन थांबे आणि लोहाचे औषध कितीही दिले तरी वर सरकत नसे, कारण औषध ज्या आतड्यातून अंगी लागायचे ते आतडेच झिजलेले होते, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही. सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि आतल्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे सपाट होत जातात. म्हणून मूल खाते, पण वाढत नाही. उत्तर भारतात, जिथे रोजचे जेवण गव्हाचे आहे, तिथे हा आजार अधिक आढळतो. आमच्याकडे तो चटकन कोणाला सुचत नाही.

२०२१ च्या दिवाळीत एका नातलगाने गहू बंद करून पाहण्याचा सल्ला दिला. आईने महिनाभर पोळी बंद केली आणि जुलाब थांबले. हे घडले ते चांगल्या हेतूने, पण त्यातून एक अडचण उभी राहिली, आणि ती इतर आईवडिलांना ठाऊक असणे फार जरुरीचे आहे. लातूरच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची तपासणी सांगितली तेव्हा मुलीच्या पोटात गहू जातच नव्हता. या तपासणीत रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे या आजारात प्रतिकारशक्ती तयार करते ती प्रथिने, मोजतात; गहू थांबवला की ती हळूहळू उतरतात आणि तपासणी फसू शकते. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा काही आठवडे रोज पोळी देण्यास सांगितले. जी पोळी लेकीला बाधते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तीच पोळी तुपात कुस्करून तिला भरवताना आईचा हात थरथरत असे, असे आजोबांनी मला सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये रक्ताचा अहवाल आला, पुढे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला गेला आणि निदान पक्के झाले. त्या वेळी साडेसात वर्षांच्या मुलीची उंची १०६ सेंटीमीटर होती. तपासण्यांचा खर्च वडिलांनी दुकानातून उचल घेऊन भागवला आणि ती उचल पुढे दीड वर्ष पगारातून फिटत राहिली.

या आजारावर गोळी नाही. ग्लुटेन आयुष्यभरासाठी बंद करणे हाच उपचार आहे. अस्तर झिजल्यामुळे दूधही पचत नव्हते, ते पहिले काही महिने बंद ठेवून नंतर थोडे थोडे सुरू झाले. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार सुमारे दहापैकी एकाला असू शकतो, म्हणून धाकट्या भावाची तपासणी केली. त्याला नाही, निदान आज तरी नाही.

शाळा का सुटली

निदानानंतर मुलगी त्या खासगी शाळेत फेब्रुवारी ते एप्रिल असे तीन महिनेच गेली. कोविडमुळे पहिली पूर्ण आणि दुसरी अर्धीअधिक फोनवरच झाली होती, म्हणजे शाळेतले खरे जेवण तिच्या वाट्याला प्रथमच येत होते. शाळेने डब्याचा नियम घालून दिला होता : पोळी-भाजी, बाहेरचे पदार्थ नकोत. नियम चांगल्या भावनेचा होता. पण डब्यात भाकर निघाली की शेजारची मुले हसत, आणि दुपारपर्यंत वाळून कडक झालेली भाकर चावताना तिलाही लाज वाटे. "समदे हसूलालेत म्हणून डबा तसाच वापस आणूलाली, बाई," असे आई मला म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. वाढदिवसाला केक येई, सुंदर अक्षराबद्दल क्रीमचे बिस्किट मिळे. एका दुपारी मुलीने ते बिस्किट नाकारले नाही. बाईंनी सगळ्यांसमोर तिच्या नावाने टाळ्या वाजवायला लावल्या होत्या आणि आठ वर्षांच्या लेकराकडून त्या क्षणी नकाराची अपेक्षा करणे मला पटत नाही. तीन महिन्यांत ती एकतीस दिवस घरी राहिली.

मी त्या शाळेला दोष देत नाही. पन्नासेक मुलांच्या वर्गात एकीचे तोंड सांभाळणे अवघड असते, हे मी चाळीस मुलांच्या वर्गात उभे राहून शिकले आहे. मात्र एक प्रश्न मी तेव्हाच आईवडिलांना विचारायला हवा होता आणि विचारला नाही : गावातच जिल्हा परिषदेची शाळा असताना तिथे का नाही? त्यांनी सांगितलेले कारण खिचडीचे होते. शाळेत शिजलेले अन्न खायला लागेल ही भीती. ती भीती पुरती खरी नव्हती, कारण शालेय पोषण आहार मुळात तांदळाचा असतो. दुसरे कारण न बोललेले होते. इंग्रजी शाळेतून काढून मराठी शाळेत घातले तर भावकी म्हणेल की पैसे सरले. घरी शिकवतो म्हटले की आजाराचे कारण सांगता येते. पैसे सरले होते हेही खरेच होते. भाकरीची लाज आणि शाळेची लाज या दोन्ही एकाच मुळातून येतात, हे मला फार उशिरा उमगले.

हिशेब

घरी शिकवले म्हणजे पैसे वाचतात असा समज आहे, म्हणून पहिल्या वर्षाचा हिशेब मी आईसोबत बसून वहीत मांडला. शाळेची फी १६,०००, गाडीचे वर्षाचे ६,००० आणि गणवेश-पुस्तकांचे ३,५०० असे २५,५०० रुपये वाचले. दुसऱ्या बाजूला, शिकवण्यात आणि वेगळ्या स्वयंपाकात सकाळ जाऊ लागल्यामुळे आईचे शिवणकाम महिन्याला सुमारे १,२०० रुपयांनी घटले, म्हणजे वर्षाला १४,४००. वेगळे पीठ, वेगळे तेल, डाळी, शेंगदाणे, अंडी यांवर महिन्याला ७०० रुपये अधिक लागले, म्हणजे ८,४००. लातूरच्या फेऱ्या आणि रक्ताच्या तपासण्या यांचे ६,००० धरले तर एकूण २८,८०० होतात. वाचण्याऐवजी ३,३०० रुपये वरच गेले. आणि या हिशेबात आईची झोप धरलेली नाही.

बाजारातल्या ग्लुटेनमुक्त पिठांचा आणि बिस्किटांचा विचार त्यांनी एकदाच केला. पाकिटावर तसे लिहिण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये असा आपल्या देशात नियम आहे; त्या खात्रीची किंमत पाकिटात धरलेली असते आणि ती या घराला झेपणारी नव्हती. तोडगा आजोबांनी काढला. "पोरीला वेगळं काय देणार? आम्ही जे खाल्लं तेच दे," असे ते म्हणाले. त्यांच्या लहानपणी पोळी सणालाच होई. रोजची भाकर ज्वारीची, आणि १९७२ च्या दुष्काळात तर परदेशातून आलेल्या लाल मिलोचीसुद्धा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी, सगळ्या डाळी यांत ग्लुटेन नाही. मराठवाड्याचे जुने ताट या मुलीला जवळजवळ जसेच्या तसे चालते, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

पण ज्वारी घरात राहिली नव्हती. गावातल्या इतरांसारखेच दोन एकर सोयाबीनखाली गेले होते आणि किराणा दुकानात ज्वारीचा दर गव्हाच्या वर गेला होता. २०२२ च्या रब्बीत आजोबांनी एका एकरात मालदांडी ज्वारी पेरली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिलेले आहे; ते मी त्यांना सुचवले, पण ते खरिपाचे आहे आणि खरिपात सोयाबीन सोडण्याची त्यांची तयारी नव्हती, कारण उचल त्याच पैशांतून फिटायची होती. मालदांडी चार पोती झाली. पाच माणसांना ती नऊ महिने पुरली, कारण घरात सगळ्यांनीच पोळी सोडली होती. आजोबांना मधुमेह आहे, त्यांनाही ते बरे पडले. धाकट्याला पोळीची हौस आली की तो आत्याकडे जाऊन खातो.

घराची शिधापत्रिका केशरी आहे. २०२३ पासून मराठवाड्यासह १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये मिळू लागले आणि पुढच्या वर्षी ते १७० झाले. रोख रकमेबद्दल गावात अनेकांची तक्रार आहे, आणि बाजारभाव पाहता ती रास्त आहे. या घराला मात्र गव्हाऐवजी आलेल्या त्या ७५० रुपयांतून ज्वारी घेता आली. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, त्या रब्बीत एकरातून दोनच पोती निघाली, तेव्हा त्याच पैशांवर वर्ष निभावले.

घरची शाळा

सकाळी नऊ ते साडेअकरा अभ्यास, मग आई मशीनवर बसे. पुस्तके बालभारतीची, संकेतस्थळावरून ती फुकट उतरवून घेता येतात, पण फोनच्या काचेवर मुलीचे डोळे दुखत, म्हणून मी शाळेतून जुने संच मागून आणले. चौथीच्या इतिहासात शिवछत्रपतींचे चरित्र असते. ते आजोबांनी शिकवले आणि मला त्यात कधी हात घालावा लागला नाही.

गणित घरात ठिकठिकाणी पडलेले होते. शिवणकामाच्या टेपवर अर्धा, पाव आणि पाऊण. दळणाच्या वजनात किलो आणि ग्रॅम. जानेवारीत कणसे भरू लागली आणि शेतावरच शाळा भरली. शिवारात सगळीकडे हरभरा आणि ज्वारीचा हा एकच एकर, त्यामुळे गावभरची पाखरे त्यावर उतरत. माळ्यावर मुलगी आणि आजोबा बसत. आजोबांच्या हातात गोफण, तिच्या मांडीवर परिसर अभ्यास. पाखरांचा थवा आला की पुस्तक उलटे ठेवून ती डबा वाजवी. काढणीनंतर कडबा विकायचा होता. शंभर पेंढ्यांचा भाव १,८०० ठरला होता आणि अडीचशे विकायच्या होत्या. शून्यांच्या भागाकाराशी महिनाभर झगडणारी मुलगी बांधावर बसून म्हणाली, "मग एक पेंढी अठराची, अडीचशेचे चार हजार पाचशे." व्यापाऱ्याने फोनवर हिशेब करून पाहिला आणि मान हलवली.

हे आठवले की मला आनंद होतो, पण तेवढेच सांगून थांबणे खोटेपणा ठरेल. इंग्रजी खूप मागे पडले. आईला उच्चारांची खात्री नसे, त्यामुळे ती तो विषय टाळी. मुलगी लिहिण्यात पुढे गेली आणि बोलण्यात मागे. समवयस्कांशी भांडण नाही, खेळ नाही, कोणाला उत्तर देणे नाही. दुसऱ्या वर्षी ती पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसू लागली. माझी चूक अशी झाली की मी तिच्या शांत बसण्याला एकाग्रता समजले. मी दिलेले कागद ती पूर्ण करून ठेवी आणि मी बरोबरच्या खुणा करून समाधानाने घरी जाई. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात तिने शेळीच्या करडाला वर्गातल्या मुलीसारखे नाव देऊन त्याची हजेरी घेताना मी पाहिले, तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

हिंगाची डबी

जून २०२३ मध्ये, सगळे नीट चालले असताना, पोटदुखी आणि जुलाब परत सुरू झाले. रक्ताच्या तपासणीत प्रतिपिंडांचे प्रमाण पुन्हा चढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारले, गहू कुठून जातो? आईला तो आरोप वाटला. घरात गव्हाचा दाणा नव्हता, तवा आणि काटवट नवी होती, पुऱ्या तळलेल्या तेलात पापडही तळला जात नव्हता, उन्हाळ्यातल्या कुरडया आणि शेवया शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. आम्ही पंधरा दिवस तिच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली.

पहिला धागा गिरणीवर सापडला. मे महिना लग्नसराईचा, नवा गहूही घरोघरी आलेला, त्यामुळे गिरणी दिवसभर गव्हावर चालू होती आणि दोन गव्हाच्या दळणांमध्ये यांची ज्वारी दळली जात होती. दगडात आणि नळीत राहिलेला आटा ज्वारीच्या पिठात उतरत होता. नेहमीचा गिरणीवाला हे सांभाळत असे, पण तो महिनाभर गावी नव्हता. घरगुती चक्की घेण्याचा विचार किमतीपुढे थांबला. काही आठवडे आईने आजीचे जाते गोठ्यातून काढून धुतले आणि त्यावर दळले. पण ज्वारीचे पीठ साठवून चालत नाही. जुने झाले की ते विरी जाते, भाकर थापताना चिरते, कारण तिला धरून ठेवणारे ग्लुटेन त्यात मुळातच नसते आणि जो काही चिकटपणा आहे तो ताज्या पिठाचा आणि आधणाच्या पाण्याचा. म्हणजे दर चार दिवसांनी जात्यावर बसणे आले. शेवटी गिरणीवाल्याशी बोलणे झाले : मंगळवारी सकाळी गिरणी झाडून-पुसून पहिले दळण यांचे, आणि त्यातले पहिले दीड किलो पीठ बाजूला काढून म्हशीच्या आंबोणात. त्याने यासाठी जादा पैसे घेतले नाहीत.

दुसरा धागा मुलीनेच शोधला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी एक कागद चिकटवला होता. त्यावर पाकिटांवर शोधायचे इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत होते : व्हीट, मैदा, सुजी, बार्ली, माल्ट. हेतू निम्मा आजाराचा आणि निम्मा इंग्रजीचा होता. एका दुपारी फोडणीचे डबे ओट्यावर मांडून ती एकेक चाचपत होती. हळदीचे झाले, मोहरीचे झाले. हिंगाची पिवळी डबी तिने खिडकीजवळ नेली, अंगठ्याने अक्षरे झाकत झाकत एकेक अक्षर उघडे केले, डब्ल्यू, एच, ई, ए, टी, आणि भिंतीकडे पाहिले. मग पुन्हा डबीकडे. "आई, ह्याच्यात हाय," एवढेच ती बोलली. बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे पस्तीस वर्षे फोडणी करूनही मला ठाऊक नव्हते. वरणात, भाजीत, दररोज दोन वेळा ते जात होते. प्रमाण चिमटीतले असेल, आणि मोठा वाटा गिरणीचाच होता असे डॉक्टरांचे मत पडले. तरी त्या दिवसापासून घरातली फोडणी लसूण-जिऱ्याची झाली. सहा महिन्यांत रक्ताचा अहवाल उतरला.

मी तिला दोन वर्षांत जे काही शिकवले त्यात सर्वांत उपयोगी पडलेली तीच पाच शब्दांची चिठ्ठी होती.

परतीचा रस्ता

२०२३ च्या दिवाळीनंतर शाळाबाह्य मुलांची नोंद घेण्यासाठी गावातले शिक्षक घरी आले आणि वहीत मुलीचे नाव शाळाबाह्य म्हणून लिहिले गेले. वडील त्या रात्री माझ्याकडे आले. पोलीस येतील का, मुलीला पुढे परीक्षेला बसू देतील का, असे त्यांचे प्रश्न होते. कायद्याची स्थिती अशी आहे : १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, त्यात मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्यासाठी शिक्षा ठरवलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाला त्यात वेगळी जागा दिलेली नाही. म्हणून घरी कितीही नीट शिकवले तरी ज्या मुलाचे नाव कोणत्याही पटावर नाही ते दप्तरी शाळाबाह्यच ठरते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीच्या स्तराची परीक्षा हा एक मार्ग होता. मी मात्र तोवर करडाची हजेरी पाहिलेली होती. तिला परीक्षेपेक्षा शेजारी बसणारी मुलगी हवी आहे, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा विषय काढला. या वेळी वडील गप्प राहिले, पण नाही म्हणाले नाहीत.

जुन्या शाळेने ९,००० रुपये थकबाकीसाठी दाखला अडवला होता. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेत प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही आणि वयानुरूप वर्गात बसवावे लागते, हे त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांनी ते दाखवण्याची वेळ येऊ दिली नाही. जून २०२४ मध्ये मुलगी पाचवीत बसली.

प्रवेशाआधी आईने एक काम केले, ते मला या सगळ्यात फार शहाणपणाचे वाटते. ती दोन दिवस शाळेच्या स्वयंपाकघरात ताईंच्या हाताखाली राबली. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला असतो. तो कोणत्या पोत्यातून निघतो, डाव कुठला, मसाला कुठला, हे तिने पाहिले आणि शेवटी हिंगाची डबी ताईंच्या हातात ठेवून त्यावरचा शब्द दाखवला. ताईंनी ती डबी त्याच दिवशी बाजूला ठेवली. आता मुलगी तिथली खिचडी खाते, ताटली घरून नेते, आणि बिस्किटे वाटली जातात त्या दिवशी तिच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू दप्तरात असतो. ताईंच्या रजेच्या दिवशी ती भाकर नेते. वर्गातल्या निम्म्याअधिक डब्यांत भाकरच असते, त्यामुळे तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

अभ्यासात इंग्रजी अजून कच्चे आहे. पहिले तीन महिने ती वर्गात अजिबात बोलत नसे आणि आजही प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहून दाखवणे तिला सोपे जाते. आजारी पडली की आई पूर्वीसारखी सकाळी तिला घेऊन बसते. शिवणकाम पहिल्यासारखे सुरू झाले असून दुकानाची उचल फिटली आहे. जुन्या शाळेची थकबाकी तशीच आहे आणि वडिलांना ती बुडवायची नाही. प्रवेशाच्या वेळी मुलीची उंची १२५ सेंटीमीटर भरली.

डिसेंबर २०२४ मध्ये वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवण्याच्या आमच्याकडच्या सणाला, तिने वर्गातल्या चौघींना शेतावर बोलावले. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, सारे काही तिला चालणारे होते. गव्हाची खीर तेवढी त्या दिवशी केली नव्हती, तांदळाची केली होती. एकीने खिरीबद्दल विचारले तेव्हा आई उत्तर देणार होती, पण मुलीनेच सांगितले, हळू आवाजात, पण पूर्ण वाक्यात.

गावची शाळा पाचवीपर्यंतच आहे. सहावीसाठी जून २०२५ पासून तीन किलोमीटरवरच्या गावी जावे लागणार, म्हणजे दुसरे स्वयंपाकघर, दुसऱ्या ताई, दुसरा मसाला. एप्रिलच्या मध्यात एका दुपारी आई मला बसथांब्यावर भेटली. ती त्याच गावी निघाली होती, आणि तिच्या पिशवीत रिकामी पिवळी डबी होती.